मराठी डोकं आणि परकं वाक्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते, त्याआधी बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या, आणि दोन्हीकडे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं व्हॉट्सअॅप लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथे टाकतेय. विषय एवढाच की मातृभाषेचं व्याकरण दुसऱ्या भाषेतलं वाक्य *समजताना* कुठे कुठे मध्ये येतं. बोलताना येतं हे तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यावर विनोद करून झालेत.

सगळे शब्द येतात, तरी लांब इंग्रजी वाक्य दोनदा वाचावं लागतं. माझं इंग्रजी कच्चं आहे का?

असेलही, पण नसेलही. आपल्याला वाटतं की आधी आख्खं वाक्य कानात पडतं आणि मग डोकं त्याचा अर्थ लावतं, तसं होत नाही. डोकं पहिल्या शब्दापासून अंदाज बांधत सुटतं. १९९९ चा अल्टमन आणि कामिडे यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, स्क्रीनवर एक मुलगा, एक केक आणि इतर दोन-चार वस्तू, आणि कानावर वाक्य पडतंय 'द बॉय विल ईट...', तर 'केक' हा शब्द उच्चारायच्या आधीच लोकांचे डोळे केककडे गेलेले. खाण्यासारखी वस्तू तिथे एकच होती ना. 'ईट'च्या जागी 'मूव्ह' म्हटलं की डोळे असे पळत नाहीत.

आता हे अंदाज येतात कुठून, तर सवयीतून, आणि माझ्या वर्गात बसणाऱ्यांची सवय वीस-तीस वर्षं मराठीत लागलेली असते. इंग्रजी वाचताना शब्द इंग्रजी असतात, पण पुढे काय येणार याची वाट बघणारं डोकं बऱ्याचदा मराठीच असतं. अडतं ते तिथे.

मग मराठी डोकं नेमकी कशाची वाट बघतं?

शेपटाची. शब्दाच्या मागे ने लागलाय, ला लागलाय, चा-ची-चे लागलंय, की काहीच नाही, यावर आपलं सगळं चालतं. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा, 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, नाहीतर वैतागून 'चावला ना कुत्रा माणसाला' म्हणा, चावणारा कुत्राच राहतो, कारण 'ला' माणसाला चिकटलाय. इंग्रजीत मात्र 'डॉग' आणि 'मॅन' यांची जागा बदलली की माणूसच कुत्र्याला चावतो, आणि कुठल्याही शब्दाच्या शेपटाला काही झालेलं नसतं. आपल्याकडे खूण शब्दाला चिकटलेली, त्यांच्याकडे जागाच खूण.

बेट्स आणि मॅकव्हिनी यांनी यावर एक मॉडेल मांडलंय, म्हणजे वाक्य समजताना वेगवेगळ्या खुणांची आपसात स्पर्धा चालते आणि कुठली खूण जिंकणार हे तुमची भाषा ठरवते. १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात इंग्रजी, जर्मन आणि इटालियन लोकांना 'रबराने गाईला ढकललं' छापाची विचित्र वाक्यं दिली होती आणि विचारलं की कोणी केलं. इंग्रजीवाले शब्दांच्या क्रमाला धरून बसले, अर्थ कितीही येडपट होवो. इटालियन लोकांनी क्रियापद कोणाशी जुळतंय ते पाहिलं, आणि जर्मन लोक क्रमापेक्षा जुळणी आणि कोण सजीव कोण निर्जीव याकडे बघत होते.

दुसरी भाषा शिकताना ही खुणांची रांग लगेच बदलत नाही. क्रियापद परकं, पण खूण शोधायची पद्धत घरचीच.

पॅसिव्हमध्ये मी नेहमी गडबडतो. का?

शाळेमुळे, असं माझं मत आहे. 'आंबा रामाने खाल्ला' याला आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणतो, बरोबरच आहे, क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. पण मग इंग्रजीच्या तासाला 'द मँगो वॉज ईटन बाय राम' याचं भाषांतर म्हणून तेच वाक्य पुढे ठेवतात आणि डोक्यात पक्कं बसतं की ने म्हणजे बाय. आता मराठीतलं 'रामाने आंबा खाल्ला' हे एकदम साधं रोजचं वाक्य आहे, त्यात पॅसिव्हचं ओझं अजिबात नाही, त्यामुळे इंग्रजी वाचताना त्या 'वॉज' आणि 'बाय'कडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं दिलं जात नाही आणि माणूस पहिल्या नावालाच कर्ता करून मोकळा होतो. मनाला लावून घेऊ नका, 'कुत्र्याला माणूस चावला' असा उलटा अर्थ असलेलं पॅसिव्ह दिलं तर जन्मतः इंग्रजी बोलणारेही चुकतात, फेरेराने २००३ मध्ये दाखवलंय.

ते घोड्याचं वाक्य काय आहे? एका रीलमध्ये पाहिलं, अजून डोक्यात बसत नाही.

'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' थॉमस बेव्हरने १९७० मध्ये दिलेलं उदाहरण, तेव्हापासून सगळ्यांचा छळ चालू आहे. वाचताना वाटतं घोडा धावला गोठ्यापलीकडे, संपलं, आणि मग ते 'फेल' येतं आणि कुठे ठेवावं कळत नाही. अर्थ असा की गोठ्यापलीकडे *पळवलेला* घोडा पडला.

बघा, मराठीत लिहिलं आणि सुटलं. कारण आपल्याकडे 'पळवला' वेगळं आणि 'पळवलेला' वेगळं. 'लेला' ऐकला की डोक्याला कळतं, अजून मुख्य क्रियापद यायचंय, थांब. इंग्रजीत 'रेस्ड' दोन्हीकडे तेच, त्यामुळे फसगत. आता मराठी माणूस इथे इंग्रजांपेक्षा जास्त फसतो की कमी? माझा वर्गातला अनुभव असा की फसतात सगळेच, पण आपले लोक बाहेर यायला जास्त वेळ घेतात, कारण आपल्याला खात्री असते की तसं काही म्हणायचं असतं तर एखादं शेपूट लावलं असतं की. शेपूट नाही म्हणजे विषय संपला! हा अनुभव आहे हां, संशोधन नाही.

याचंच एक भावंड: 'व्हाइल अॅना ड्रेस्ड द बेबी प्लेड इन द क्रिब'. आधी वाटतं अॅनाने बाळाला कपडे घातले, मग कळतं की कपडे ती स्वतः घालत होती आणि बाळ खेळत होतं. मराठीत 'बाळाला' की 'बाळ', एका अक्षराचा प्रश्न. क्रिस्चनसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असल्या वाक्यांनंतर विचारलं की अॅनाने बाळाला कपडे घातले का, तर इंग्रजी मातृभाषेच्या लोकांनीही भरपूर वेळा हो म्हटलं, म्हणजे वाक्य सुटल्यावरही पहिला चुकीचा अर्थ डोक्यात रेंगाळत राहतो. इन्शुरन्सचे कागद वाचताना हे लक्षात ठेवा.

बाल्कनीत नक्की कोण उभं होतं?

हा प्रश्न मला खरंच वारंवार विचारला जातो, कारण मीच वर्गात सोडते. वाक्य असं: कोणीतरी नटीच्या मोलकरणीला गोळी घातली जी बाल्कनीत उभी होती. बाल्कनीत कोण, नटी की मोलकरीण? क्वेटोस आणि मिचेल यांनी १९८८ मध्ये हे स्पॅनिश आणि इंग्रजी लोकांना विचारलं. इंग्रजीवाल्यांचा कल नटीकडे, म्हणजे 'द सर्व्हंट ऑफ द अॅक्ट्रेस हू...' मध्ये 'हू' च्या अगदी शेजारी जे नाव आहे त्याकडे. स्पॅनिशवाल्यांचा कल मोलकरणीकडे. तोवर बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की वाक्य सोडवायची यंत्रणा सगळ्या माणसांची एकसारखी, त्याला इथे चांगला धक्का बसला.

आता मराठीची गंमत बघा, जरा हळू वाचा.

'बाल्कनीत उभी असलेली नटीची मोलकरीण.' उभी मोलकरीण, शंकाच नाही.
'बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीची मोलकरीण.' उभी नटी, इथेही शंका नाही.

दोघी बायका, दोघी स्त्रीलिंगी, तरी फरक कळतो, कारण नटीला 'ची' लागल्यामुळे तिचं सामान्यरूप झालं आणि तिच्या विशेषणाचंही 'उभ्या असलेल्या' झालं. पण आता मोलकरणीला 'ला' लावा: 'बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीच्या मोलकरणीला गोळी घातली'. झालं, दोघीही सामान्यरूपात आणि खूण गायब. म्हणजे आपण एरवी जिच्या भरवशावर वाक्य सोडवतो ती खूण कधी मिळते कधी नाही, आणि मिळाली नाही की आपणही इंग्रजांसारखे अंदाजपंचे. एका बॅचमध्ये यावरून अर्धा तास भांडण झालं आणि त्या दिवशीचा धडा राहिला तो राहिलाच.

हिंदी तर आपल्या शेजारचीच. तिथे त्रास व्हायला नको ना?

शेजारी जवळचा असला की भांडणं जास्त. मराठीत आवाज आला, हिंदीत आवाज़ आई. बर्फ पडला, बर्फ़ गिरी. पतंग उडाला, पतंग उड़ी. शब्द तोच, लिंग उलटं, त्यामुळे डोकं नवीन काही शिकतच नाही, मराठीचं लिंग तसंच उचलून नेतं. 'बड़ी ज़ोर की' एवढं ऐकून मराठी कान एखाद्या स्त्रीलिंगी वस्तूची तयारी करतो, आणि येतो आवाज. अर्थ कळतो, पण मध्ये एक बारीक ठेच लागते. नात्यातल्या एका लग्नात मी दिल्लीच्या पाहुण्यांना 'आपका आवाज़ नहीं आ रहा' म्हटलं होतं आणि पुढचे दोन दिवस ते मला त्याच वाक्याने हाक मारत होते.

ने चंही तसंच, आपल्याकडे 'त्याने' पण 'मी', हिंदीत 'उसने' आणि 'मैंने' दोन्ही, म्हणून मुंबईकर आरामात 'मैं काम किया' म्हणतो.

नवीन गोष्टीपेक्षा अर्धवट सारखी गोष्ट जास्त छळते याला पुरावा आहे. टोकोविच आणि मॅकव्हिनी यांनी २००५ मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी लोकांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. दोन्ही भाषांत सारखा असलेला नियम मोडला की मेंदू दचकायचा. इंग्रजीत मुळातच नाही असा नियम, म्हणजे लिंगाचा, मोडला तरी दचकायचा. पण दोन्हीकडे आहे पण वेगळ्या पद्धतीने आहे असा नियम मोडला तर ढिम्म. आणखी एक, त्याच लोकांना 'वाक्य बरोबर की चूक' असं विचारलं तर उत्तरं जवळपास छापा-काटा. म्हणजे मेंदूला कळत होतं, माणसाला अजून कळलं नव्हतं!

जर्मन मराठी माणसाला सोपी जाते, हे खरं का?

काही ठिकाणी, हो. हे वाक्य घ्या: 'इश वाइस, दास एर गेस्टर्न नाख पूने गेकॉमेन इस्ट'. शब्दाला शब्द: मला माहितीय, की तो काल पुण्याला आलेला आहे. 'आलेला आहे' आणि 'गेकॉमेन इस्ट', क्रम सेम टू सेम, फक्त 'ला' च्या जागी 'नाख' पुढे आलाय. इंग्रजीवरून जर्मनकडे येणारे शेवटच्या क्रियापदापर्यंत जीव मुठीत धरून बसतात, आपण जन्मभर तेच करत आलोय. उलट साधं वाक्य आलं की आपली मुलं हसतात, 'एर इस्ट गेस्टर्न नाख पूने गेकॉमेन', तो आहे काल पुण्याला आलेला, हे कुठलं बोलणं!

'देन हुंड बाइस्ट देअर मान' हेही तसंच. पहिलं नाव कुत्रा, पण 'देन' म्हणजे जवळपास आपला 'ला', म्हणून चावतोय माणूस. पहिलं नाव म्हणजे कर्ता अशी इंग्रजी सवय लागलेल्यांना हे अवघड जातं. मी वर्गात 'देन'ला सरळ ला म्हणते, व्याकरणाची पुस्तकं माफ करोत. फक्त हे पुल्लिंगापुरतंच चालतं, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नावांना कर्ता-कर्म दोन्हीकडे एकच आर्टिकल, तिथे जर्मन माणूसही पहिल्या नावाला कर्ता धरतो.

लिंगं तर आपल्याकडेही तीन आहेत, मग जर्मनमधल्या देअर-दी-दास या लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या आर्टिकलांमध्ये फायदा होतो का?

'वस्तूला लिंग असतं' हे पटवून द्यावं लागत नाही, एवढा फायदा. पुढचं पाठांतर. पण ते पाठांतर फुकट जात नाही, कारण लिंग वाक्य समजायच्या *वेगाला* मदत करतं. लू-विल्यम्स आणि फर्नाल्ड यांनी दाखवलं की स्पॅनिश घरातली तीन वर्षांची पोरंसुद्धा 'ला' किंवा 'एल' ही तिकडची आर्टिकलं ऐकूनच बरोबर चित्राकडे लवकर बघतात, आणि मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्या इंग्रजी लोकांना ते जमत नव्हतं. जर्मनवर होल्गर हॉपने २०१३ मध्ये जे दाखवलं ते मी प्रत्येक बॅचला सांगते: ज्या लोकांना शब्दांची लिंगं पक्की होती ते मातृभाषिकांसारखाच पुढचा अंदाज बांधत होते. म्हणजे अडचण 'इंग्रजीत लिंग नाही' एवढीच नव्हती, शब्दच कच्चे होते. म्हणून शब्द पाठ करताना 'टिश' (टेबल) नाही, 'देअर टिश'.

म्हणजे सगळा दोष मातृभाषेचा?

अजिबात नाही, आणि इथे तज्ज्ञांमध्येही जुंपलेली आहे. क्लाहसेन आणि फेल्सर यांनी २००६ मध्ये मांडलं की मोठेपणी शिकलेल्या भाषेत आपण वाक्याचा सांगाडा नीट उभाच करत नाही, शब्दांचे अर्थ आणि जगाचं ज्ञान यावर काम भागवतो, मग मातृभाषा कुठलीही असो. त्यांच्याच गटाच्या २००५ च्या अभ्यासात चिनी, जपानी, जर्मन आणि ग्रीक असे चार मातृभाषांचे लोक लांबलचक इंग्रजी वाक्यं वाचत होते. जर्मन आणि ग्रीक लोकांकडे तशी रचना घरातच होती, तरी चौघांचं वाचन साधारण एकसारखंच निघालं.

मला त्याहून आवडतो तो डच लोकांचा प्रयोग. एकात एक अडकलेली तीन वाक्यं घ्या, कर्ते तीन आणि क्रियापदं तीन, आणि मधलं क्रियापद गुपचूप काढून टाका. इंग्रज लोकांना पत्ताच लागत नाही, उलट वाक्य बरं वाटतं. वासिष्ठ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की जर्मन लोक जर्मनमध्ये असे फसत नाहीत, क्रियापदं शेवटी मोजून घ्यायची सवय असते ना. मग वाटणारच की ही सवय घेऊन ते इंग्रजीतही फसणार नाहीत. पण फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डच लोकांना दोन्ही भाषांत तपासलं, तर डचमध्ये न फसणारे इंग्रजी वाचताना इंग्रजांसारखेच फसले! म्हणजे त्यांनी मातृभाषेची सवय दारातच ठेवली आणि इंग्रजीची सवय उचलली, तिच्यातल्या खड्ड्यांसकट.

त्यामुळे माझं मत: सुरुवातीला मातृभाषा जोरात ओढते, मग ती भाषा जितकी कानावर पडेल तितकी ओढ सैल होते, आणि काही गोष्टी शेवटपर्यंत मेंदूवर पडणाऱ्या ओझ्यामुळे अडतात, त्यात मराठीचा काही संबंध नाही. शिकवण्यांमध्ये मात्र प्रत्येक चूक 'मदर टंग इन्फ्लुएन्स' म्हणून खपवतात. सोपं पडतं.

हे सगळं मोजतात कसं?

साधी पद्धत म्हणजे स्क्रीनवर एक शब्द, स्पेसबार दाबला की पुढचा, आणि कुठल्या शब्दावर बोट रेंगाळलं ते कॉम्प्युटर मिलिसेकंदात लिहून घेतो. दुसरी म्हणजे डोळ्यांवर कॅमेरा, डोळा कुठे थांबला आणि कुठून मागे गेला. तिसरी, डोक्याला इलेक्ट्रोड. अर्थ बिघडला (१९८० च्या मूळ प्रयोगातल्या वाक्यात गरम ब्रेडला मोजे फासले होते) तर साधारण ४०० मिलिसेकंदांनी लहर उठते, व्याकरण बिघडलं तर ६०० च्या आसपास.

उलटं होतं का? इंग्रजीमुळे मराठी वाक्य समजणं बदलतं?

होतं, आणि याबद्दल लोक कमी बोलतात. बाल्कनीवाल्या स्पॅनिश लोकांपैकी जे अमेरिकेत खूप वर्षं इंग्रजीत राहिले ते *स्पॅनिश* वाचतानाही नटीकडे झुकायला लागले, डुसियास आणि सगारा, २००७. अमेरिकेत वाढलेल्या हिंदी घरांतल्या लोकांवर मॉन्ट्रुल, भट्ट आणि भाटिया यांचा २०१२ चा अभ्यास आहे, त्यात ने आणि को गळायला लागलेले दिसतात.

मराठीत मला हे भाच्याच्या बोलण्यात दिसतं. 'मला आजी आवडते' याचा अर्थ त्याने बरीच वर्षं चाचपडत लावला, कारण 'आवडते' आजीशी जुळतंय आणि आवड तर याची आहे, इंग्रजीच्या हिशोबाने 'मी' कर्ता हवा. तो म्हणायचा 'मी आजीला आवडतो'. आजी खूष, म्हणायच्या, हो रे बाळा, आवडतोसच.

एकाच गावात तीन-चार भाषा असल्या तर कोणाचं व्याकरण जिंकतं?

सांगली जिल्ह्यातलं कुपवाड बघा. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलं की तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून वाक्यांची रचना इतकी एकमेकांत मिसळली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेताना शब्दाला शब्द ठेवला तरी चालायचं. शब्द आपापले, सांगाडा सामायिक. भाषाशास्त्रात जगभर हे उदाहरण शिकवतात आणि आपण सांगलीहून येताना फक्त हळद आणतो.

मनातल्या मनात भाषांतर करणं बंद करू का?

ठरवून बंद होत नाही. त्यापेक्षा अंदाज बांधायची सवय लावा. एक पोस्टकार्ड घ्या (मिळालं तर, नाहीतर बसचं तिकीट), इंग्रजी वाक्यावर ठेवा आणि एकेक शब्द उघडत जा, प्रत्येक शब्दाला पुढे काय येईल ते मोठ्याने म्हणा. चुकलात तर थांबा आणि बघा की कशाची वाट बघत होतात. माझ्या वर्गात 'द बुक रिटन बाय माय...' पर्यंत उघडून थांबवलं की निम्मे लोक 'फ्रेंड, फुलस्टॉप' म्हणतात, त्यांचं वाक्य तिथे संपलेलं असतं. मग मी विचारते, पुस्तकाचं पुढे काय झालं? 'लिहिलं' की 'लिहिलेलं'? एवढं विचारलं की बहुतेकांचं बोट आपोआप पुढच्या शब्दावर जातं.